अक्काच्या लॅपटॉपचं तोंड

सातवीच्या वर्गावर चौथा तास चालू होता. मी फळ्यावर अपूर्णांकांचा गुणाकार मांडत होतो आणि शाळेचा शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. "काय झालं?" म्हटलं तर म्हणाला, "सर, सेनगावहून फोन हाय. ऑफिसात या." फोनवर अक्काच्या दुकानासमोरचा चहावाला होता. "सर, अक्का गेल्या. खुर्चीतच. चहा द्यायला गेलो तर..." आणि मी, पंचवीस वर्षं लेकरांना शहाणपण शिकवणारा मास्तर, त्याला काय विचारलं असेल? "लाइट होती का?" तो बिचारा म्हणाला, "होती सर. सकाळपासून हाय." आमच्या बहीण-भावाच्या प्रत्येक फोनची सुरुवात गेली कित्येक वर्षं ह्याच प्रश्नानं व्हायची, म्हणून तोंडातून तेवढंच निघालं. माझी शाळा हट्ट्याला. तिथून सेनगावला जायचं तर आधी औंढा, मग हिंगोली, अशा गाड्या बदलाव्या लागतात. औंढ्याच्या फाट्यावर जीप भरण्याची वाट बघत उभा राहिलो तेव्हा कुठं मला कळलं की आता मला हरवणारं माणूस उरलं नाही.

त्याला दीड महिना झाला. वत्सला हे तिचं नाव, पण मी अक्का म्हणायचो म्हणून आधी आमची गल्ली, मग हिंगोलीचे वकील आणि शेवटी सगळा सेनगाव तालुका तिला अक्काच म्हणू लागला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडील कारकून होते. मुलीला सरकारी नोकरी लागावी म्हणून त्यांनी तिला हिंगोलीच्या टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथले सर विद्यार्थ्यांच्या हातांवर फडकं टाकायचे, बटणं दिसता कामा नयेत म्हणून. इतर मुली फडक्याखालून डोकावायच्या. अक्का समोरच्या भिंतीकडं बघून टाइप करायची, आणि मराठीच्या दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. नोकरी मात्र लागली नाही. लग्न दोनदा जमता जमता मोडलं आणि तिसऱ्यांदा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनंच वडिलांना सांगितलं, "मला बसायला एक टेबल द्या, बाकी माझं मी बघते." नव्वदच्या आसपास तिनं एक जुना टाइपरायटर मिळवला आणि हिंगोलीच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली अर्ज टाइप करणाऱ्यांच्या ओळीत जाऊन बसली. त्या ओळीत ती एकटी बाई. मी घरी जाहीर केलं की हे आठ दिवस टिकणार नाही. हा माझा पहिला पराभव.

त्या लिंबाखालच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी जे घडलं ते सांगितल्याशिवाय अक्का कळणार नाही. सेनगावकडच्या एका गावाहून एक माणूस आला. मी गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथंच नांदतात. त्याच्यासोबत त्याची विधवा भावजय होती, धुरपदाबाई. मेंढरं राखणाऱ्या घरातली, काळ्या काटक अंगाची बाई. ती चार पावलं मागं, उन्हात उभी. दीर टेबलाशी वाकून मजकूर सांगत गेला आणि अक्का टाइप करत गेली. नवऱ्याच्या माघारी जमिनीवर आपलं नाव लागावं असा अर्ज आहे, असं धुरपदाबाईला सांगून त्यानं आणलं होतं. टाइप झालं ते संमतीपत्र : सगळी जमीन दिराच्या नावावर चढायला माझी हरकत नाही. अक्काला वाटलं, बाई राजी असेल. दिवसाला असे वीस कागद व्हायचे, कोण कुणाला विचारतो? धुरपदाबाईनं अंगठा दिला, वर अक्काला हात जोडले आणि दोघं गेली. आठवड्यानं ती एकटीच आली, पदरात बोरं घेऊन. अक्काच्या टेबलावर ओतली आणि म्हणाली, "बाई, माजं नाव कवा चढंल वो?"

अक्कानं मला हे कितीदा सांगितलं असेल, पण ह्या जागी आली की "बाळू, ती मला बोरं घेऊन आली रे," एवढंच म्हणायची. त्या दिवशी तिनं टाइपरायटरवर झाकण टाकलं, धुरपदाबाईचा हात धरला आणि थेट कचेरीत गेली. फेरफाराला हरकत घ्यायची मुदत अजून संपली नव्हती, हे नशीब. हरकतीचा अर्ज अक्कानं स्वतः टाइप केला, मोठ्यानं वाचून दाखवला आणि साहेबासमोर उभी राहून सांगितलं, "तो कागद मी टाइप केलाय साहेब. ह्या बाईला त्यातलं एक अक्षर माहीत न्हाई. मी साक्ष देते." ओळीतले बाकीचे टाइप करणारे तिला म्हणाले, अशानं आपला धंदा बसेल, आपण काय, सांगितलं ते बडवायचं. दीर येऊन दम देऊन गेला. अक्कानं साक्ष दिली. धुरपदाबाईचं नाव सातबाऱ्यावर चढलं आणि तेव्हापासून अक्काच्या टेबलाचा एक कायदा झाला : ज्याचा अंगठा, तो माणूस समोर बसेल. मजकूर दुसऱ्या कुणी सांगायचा नाही. आणि वाचून घेतल्याशिवाय कागद यंत्रातून निघणार नाही.

जिल्हा वेगळा झाला, तालुक्याच्या कचेऱ्या वाढल्या, त्या सुमारास अक्का सेनगावला गेली आणि कचेरीसमोर पत्र्याच्या टपरीवजा दुकानात तिनं कॉम्प्युटर आणला. मी तेव्हा तीन महिन्यांचा कोर्स करून बसलो होतो, साहजिकच जोडायला मीच. मॉनिटर, खालचा सीपीयूचा डबा, प्रिंटर, सगळं मांडलं, खुर्ची सरकवली आणि म्हटलं, "बस अक्का." ती बसली. मराठीचा कीबोर्ड टाइपरायटरच्याच मांडणीचा होता, तिला शिकायला काहीच लागलं नाही. दोन ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर अक्षरं उमटताना पाहून तिचं तोंड असं काही उजळलं की मला वाटलं, चला, एकदा तरी मी आणलेली गोष्ट आवडली. तेवढ्यात तिनं दोन्ही हातांनी मॉनिटर उचलला आणि गिऱ्हाइकाच्या बाकड्याकडं तोंड करून ठेवला. स्वतःकडं त्याची पाठ. मी म्हटलं, "अगं, हे काय करून राहिलीस? तुला कसं दिसणार?"

"मला काहून दिसाया पायजे? मला ठाऊक हाय मी काय लिहिते ते. त्याला दिसलं पायजे."

"निम्म्या लोकांना वाचता येत नाही!"

"न येऊ दे. मी लपवून काही करून न्हाई राहिले, हे तर दिसतं ना?"

तो जुन्या पद्धतीचा मॉनिटर, मागं एवढं मोठं ढेकूळ, सारखा उचलून कंबर जायची वेळ आली. मग तिनं वेल्डिंगवाल्याकडून ट्रॅक्टरचं एक बेअरिंग टाकून फिरणारी लोखंडी पाटी करून घेतली. कागदाची मांडणी करायची, मग मॉनिटर गर्रकन फिरवायचा आणि भिंतीकडं बघत टाइप करायला लागायची. समोरचा माणूस पडद्याला डोळे लावून बसायचा. "बाई, थांबा, वय एकोनपन्नास हाय, एकोनचाळीस न्हाई." "बाई, हिरीचा हिस्सा ऱ्हायला की." ज्याला वाचता येत नसे तो बाकड्यावरच्या शेजाऱ्याला कोपर मारायचा, "बघ रे, बराबर हाय का." शेजारी वाचायचा, चहावाला वाचायचा, बसची वाट बघणारे वाचायचे. वाटण्यांच्या कागदांवर तर अख्खं बाकडं चर्चा करायचं. मला हा निव्वळ तमाशा वाटायचा. मी चारचौघांत म्हणायचोही, की आमच्या अक्काच्या दुकानात अर्ज टाइप होत नाहीत, त्यांचा प्रयोग होतो.

पुढं लोडशेडिंगचे दिवस आले. ज्यांनी ते भोगले त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी दहाला कचेरी उघडायची आणि दहालाच लाइट जायची, ती कचेरी बंद व्हायच्या टायमाला यायची. अक्काचा मॉनिटर आणि डबा बॅटरीवर टाकून बघितला, पण त्यांची भूक दांडगी, अर्ध्या तासात सगळं गप्प. त्याच वेळी स्टँडजवळ गणेश नावाच्या मुलानं कॉम्प्युटर सेंटर टाकलं. मोठा इन्व्हर्टर, काचेचं दार आणि टेबलावर घडी घालता येणारा चकचकीत लॅपटॉप. तो वाईट मुलगा नव्हता, कामाला चपळ होता. माणूस दारात आला की "काय पाहिजे? उत्पन्नाचा? रहिवासी?" म्हणायचा, नमुना उघडायचा, नाव घालायचा, कागद हातात. वाचून बिचून काही नाही. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या दाखल्यांची झुंबड उडाली तेव्हा सगळी रांग त्याच्या दारात आणि अक्का तिच्या टपरीत हातपंख्यानं वारा घेत बसलेली. मी दर आठवड्याला फोन करायचो. "लाइट आहे का?" "न्हाई." "लॅपटॉप घे." "ठेव फोन."

अखेर एका रविवारी मी तिला जवळजवळ ओढतच हिंगोलीला एका दुकानात नेलं. दुकानदार भला माणूस, त्यानं दोन-तीन लॅपटॉप काढून मांडले, बॅटरी किती चालते ते सांगितलं, पडद्यावर डोंगर-तळ्यांची चित्रं दाखवली. अक्कानं चित्रांकडं बघितलंही नाही. मला म्हणाली, "तू पलीकडच्या खुर्चीत बस." मी टेबलापलीकडं बसलो. तिनं लॅपटॉप आपल्यापुढं ओढला, टाइप केलं आणि विचारलं, "दिसतं का?" मला लॅपटॉपची पाठ दिसत होती, त्यावर चकाकणारं नाव दिसत होतं. तिनं तो माझ्याकडं फिरवला. आता मला पडदा दिसत होता, आणि बटणंही माझ्याच बाजूला आली. अक्काच्या हाताशी काहीच उरलं नाही. तिनं वरचं झाकण मागं रेटून बघितलं, आडवा करून बघितला. दुकानदार घाबरून म्हणाला, "ताई, जास्त नका रेटू, मोडतंय."

"बाळू," ती उठत म्हणाली, "हे यंत्र एकट्या माणसाचं हाय. ह्याला तोंड एकच. चल."

दुकानदारासमोर माझी जी शोभा झाली! बसमध्ये मी तिला नाही नाही ते बोललो. म्हटलं, तुझ्या त्या बाकड्यापायी तू उपाशी मरशील. धुरपदाबाईच्या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली, तिचं सगळं चांगलं झालं, आता किती दिवस तोच काटा उरात घेऊन फिरणार आहेस? दोघंही हट्टाला पेटलो होतो. पुढचे पंधरा दिवस मी फोन केला नाही. मग तिचाच आला. लाइटचा विषय नाही, काही नाही. म्हणाली, "बाळू, आज दिवसभरात एक माणूस आला. त्याला म्हटलं, लाइट न्हाई, हातानं लिहून देते. तो म्हणाला, राहू द्या अक्का, तिकडं लवकर होतंय..." मग म्हणाली, "मी खुळी झाले का रे? लोकांना बघायचंच नसंल तर मी कुणासाठी फिरवून राहिले?"

आयुष्यात पहिल्यांदा अक्कानं मला निवाडा करायला सांगितला होता. मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं की तू खुळी नाहीस. मी म्हणालो, "बघ, मी तर आधीपासून सांगतोय." ह्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. तिनं फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती हट्ट्याला माझ्या दारात उभी. हातात कापडी पिशवी. म्हणाली, "हिंगोलीला जायचं. त्याच दुकानात." मी आनंदलो, बहीण ताळ्यावर आली. दुकानात गेल्या गेल्या तिनं मला पुन्हा पलीकडच्या खुर्चीत बसवलं, लॅपटॉप उघडून माझ्याकडं तोंड करून ठेवला आणि पिशवीतून काय काढलं असेल? तिच्या टपरीतला जुना कीबोर्ड. मधली बटणं झिजून गुळगुळीत झालेला, वायरीला चिकटपट्टी लावलेला. "हा ह्याला जोडा," ती दुकानदाराला म्हणाली. तो हसला. "ताई, लॅपटॉपला कीबोर्ड असतोच की." "त्येच्याशी मला काय करायचंय? तो गिऱ्हाइकाच्या बाजूला ऱ्हाऊ द्या." कीबोर्डची पिन गोल, लॅपटॉपचं भोक चपटं. दुकानदारानं सगळे खण धुंडाळले आणि एक बोटभर जोड शोधून काढला. खटकन बसला. अक्का भिंतीकडं बघून टाइप करायला लागली आणि माझ्यासमोर, बिनचूक, एकेक अक्षर उमटत गेलं : बाळू हा हुशार आहे पण अर्ध्या वाटेत थांबतो. दुकानदार उठून माझ्या बाजूला आला, वाचलं आणि पोट धरून हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय? माझी सगळी अक्कल डेस्कटॉप की लॅपटॉप एवढ्यावरच अडकून पडली होती. त्या दोन्हीतून आपल्याला हवा तो तुकडा काढून घेता येतो, हे त्या बाईला दिसलं. तीन महिन्यांचा कोर्स मी केला होता.

लॅपटॉप आला तरी लोक एकदम परत आले असं नाही. ते परत यायला कारण झाली धुरपदाबाईच. तीच टपरीत आली आणि म्हणाली, "बाई, आमच्या गावाला परवा सभा हाय. गायरान कुन्या संस्थेला द्यायलेत म्हनं. सह्या-अंगठे आदी घ्यायलेत, अन् ठराव मागून लिवायलेत." ही आपल्याकडची जुनी रीत. ग्रामसभा भरते, रजिस्टर फिरतं, लोक कोऱ्या पानाखाली अंगठे देतात, 'मजकूर नंतर व्यवस्थित लिहून घेऊ' असं म्हणतात आणि चहा पिऊन घरी जातात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मीही माझ्या शाळेच्या समितीत तशा सह्या केल्या आहेत. पण गायरान गेलं तर त्या गावच्या मेंढ्यांनी चरायचं कुठं? तीस-चाळीस घरांचं पोट त्या माळावर. "एकडाव वाचवलंत बाई. आता काय करू वो?" अक्का म्हणाली, "काही करू नको. अंगठा देऊ नको. मी येते."

मी रजा काढून बरोबर गेलो. सकाळी अकराची वेळ, शाळेपुढचं पटांगण, गावात लाइट नाही. ग्रामसेवकानं अक्काचा लॅपटॉप बघून कपाळाला हात लावला. "अक्का, ठराव रजिस्टरात हातानंच लिहावा लागतो. कॉम्प्युटर चालत न्हाई."

"बराबर हाय तुमचं," अक्का एकदम गोड आवाजात म्हणाली. "तुमी हातानंच लिवा. मी फकस्त लोक काय म्हणून राहिले ते दाखवते. त्येच्यात बघून उतरवा. अंगठे मंग."

सरपंचाला नाही म्हणता येईना, कारण तोपर्यंत निम्मं गाव पुढं सरकून बसलं होतं. पण लॅपटॉप उघडला तर त्या उन्हात पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना, नुसता करडा उजेड. सरपंचाची माणसं हसायला लागली. तेव्हा धुरपदाबाई उठली, शेजारच्या मेंढक्याच्या खांद्यावरची घोंगडी ओढली, दुसऱ्यानं आपली दिली, चार काठ्या रोवल्या आणि बघता बघता त्या लॅपटॉपवर काळ्या लोकरीचा मांडव उभा राहिला. आत गर्द सावली, सावलीत लखलखीत अक्षरं. अक्का मांडवाबाहेर, उन्हात, लॅपटॉपच्या पाठीशी, मांडीवर कीबोर्ड घेऊन. मी आत, पडद्यासमोर, लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायला.

सरपंचाकडचा माणूस पहिल्यांदा बोलला. अक्कानं त्याचंही इमानदारीनं टाइप केलं : सदर गायरान संस्थेस देण्यास ग्रामस्थांची हरकत नाही. मी वाचलं आणि मांडवात असा गलका उठला की काठ्या हलल्या. "पुसा ते! कुनाची हरकत न्हाई? आमची हाय!" अक्कानं पुसायचं बटण दाबलं. सगळ्या गावादेखत ते वाक्य शेपटाकडून एकेक अक्षर खात मागं सरकत गेलं आणि पडदा कोरा झाला. सरकारी भाषा अशी डोळ्यांदेखत पुसली जाताना त्या माणसांनी जन्मात पाहिली नव्हती. एक म्हातारा तर म्हणाला, "आनिक एकदा लिवा अन् पुसा." मग वाद सुरू झाला. कुणी म्हणे अर्धं द्या, कुणी म्हणे भाड्यानं द्या. अक्का लिहायची, मी वाचायचो, लोक पुसायला लावायचे. आणि माझं लक्ष कोपऱ्यातल्या बॅटरीच्या आकड्याकडं. चाळीस टक्के. तीस. "अक्का, वीस!" मी ओरडलो. ती उन्हातून म्हणाली, "तू गप बस. ते बोलून राहिले ना."

शेवटी धुरपदाबाई उभी राहिली. "लिवा," ती म्हणाली, "गायरान मेंढराचं हाय. मेंढराचंच ऱ्हाईल. कुनालाबी द्यायचं न्हाई." मी मास्तरकीच्या सवयीनं सुचवलं की हे जरा व्यवस्थित भाषेत मांडू. तर अख्खा मांडव माझ्यावर ओरडला, "मास्तर, बाई म्हनली तसंच!" तसंच लिहिलं गेलं. ग्रामसेवक मांडवात वाकून, घाम पुसत, पडद्याकडं बघत रजिस्टरात उतरवू लागला. तो एक शब्द गाळायला गेला तर दहा बोटं पडद्याकडं गेली. बॅटरी सहा टक्क्यांवर असताना त्यानं शेवटचा पूर्णविराम दिला आणि मग, लिहिलेल्या मजकुराखाली, पहिला अंगठा धुरपदाबाईनं दिला. पडदा काळा झाला तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं. लोक अक्काभोवती गोळा झाले होते आणि ती उन्हानं लालबुंद होऊन, कीबोर्ड छातीशी धरून, लहान मुलीसारखी हसत होती. ते गायरान आजही मेंढरांचंच आहे.

त्यानंतर अक्काच्या बाकड्यावर जागा मिळेनाशी झाली. पुढच्या काही वर्षांत तिचा तो जोडलॅपटॉप गावोगावच्या ग्रामसभांना गेला, जीपच्या टपावरून नाही, तिच्या मांडीवरून. तिला थकवा यायचा, डॉक्टर तपासण्या करा म्हणायचे, ती पुढच्या आठवड्यावर ढकलायची. त्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, लाइट होती, दोन अर्ज झाले आणि तिसऱ्याच्या आधी ती गेली. छप्पन्न वर्षांची होती. मला फार रडू आलं, येतं अजून. पण तिच्यासाठी वाईट वाटत नाही. जे करायचं ठरवलं ते करून ती जिंकून गेली, एवढं किती जणांच्या वाट्याला येतं?

गेल्या आठवड्यात तिच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज करायला सेनगावला गेलो. अक्काचं दुकान बंद, म्हणून गणेशकडं जावं लागलं. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, नमुना उघडला, भराभर भरला. आणि मी काही म्हणायच्या आत त्याच्या टेबलावर लॅपटॉपच्या जागी आता आलेला मॉनिटर फिरवून माझ्याकडं केला. तो जरासा ओशाळून म्हणाला, "लोक ऐकत न्हाईत सर. फिरवल्याबिगर अंगठाच देत न्हाईत. वाचून घ्या."

मी मोठ्यानं वाचायला लागलो. मयताचे नाव बरोबर. वय बरोबर. पत्ता बरोबर. व्यवसाय : घरकाम.

"हे काय लिहिलंस?"

"ते मी न्हाई लिहिलं सर," गणेश म्हणाला. "बाईमाणसाच्या नमुन्यात ते आधीपासून असतंयच."

"पूस."

त्यानं पुसलं. माझ्यासमोर, शेपटाकडून एकेक अक्षर मागं गेलं आणि रकाना कोरा झाला.

"काय लिहू सर?"

"टंकलेखिका," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं. मी ते दोनदा वाचलं, मोठ्यानं. मग सही केली.